अकरा वीसची फुंकर

या, जरा पुढे सरका. मागे बसलात तर या गोष्टीतली फुंकर ऐकू यायची नाही, आणि सगळी गोष्ट त्या फुंकरीचीच आहे. मेलेल्या माणसाचा फोन येतो कसा, दुकानाचं नाव नेम धरल्यानं वर चढतं कसं, आणि एका बाईनं या दोन्ही कुलपांची किल्ली काढली कशी, ते आज सांगायचं आहे. भीती वाटली तर शेजाऱ्याचा हात धरा, पण कान इकडे असू द्या.

एका गल्लीत, सकाळी दहाच्या सुमाराला, शिंप्याच्या दुकानापुढे ही गर्दी. गळ्यात टेप टाकलेला शिंपी मधोमध उभा, निकालाच्या दिवशी पोरं उभी राहतात तसा. त्याच्या समोर अव्वलसाहेब. त्यांचं खरं नाव कुणाला ठाऊक नव्हतं. 'अव्वल नंबरावर आणतो' हे ते इतक्यांदा म्हणत, की गल्लीनं त्यांना तेच नाव देऊन टाकलं होतं. करडा कोट, चकाकतं घड्याळ, आणि प्रत्येक शब्द मधात बुडवून बाहेर काढल्यासारखा आवाज.

"काका, फोन तुमचाच. मी हातसुद्धा लावत नाही. आज एकविसावा दिवस. नेम मोडला नाही ना?"

"छे हो! दुकान उघडलं की आधी फोनवर शोधायच्या जागी ते चार शब्द लिहायचे, यादीत आपलं नाव शोधायचं, त्यावर बोट ठेवायचं आणि पानावर पाच मिनिटं थांबायचं. अंगात ताप होता तेव्हाही केलं."

"आणि दुसऱ्या कुणाच्या फोनवर पाहिलं नाहीत?"

"तुम्हीच म्हणालात ना, परक्या फोनची नजर लागते."

"लागतेच. रँक फार नाजूक, काका. तान्ह्या बाळासारखी. हं, लिहा."

शिंप्यानं अंगठ्यानं एकेक अक्षर लिहिलं. पडदा क्षणभर पांढरा झाला आणि यादी उमटली. पहिलंच नाव त्याच्या दुकानाचं! गर्दीतून एकच हुंकार उठला. चष्मेवाल्यानं स्वतःचा चष्मा पुसून पुन्हा पाहिलं. शिंप्याच्या म्हाताऱ्या आईनं फोनला हात जोडले.

"याला एसईओ म्हणतात, शोधात नाव वर आणायची विद्या," अव्वलसाहेब म्हणाले. "जगात कुणी काही शोधलं, की शोधयंत्राच्या पोटात एक अदृश्य हात नावं वरखाली करतो. त्या हाताशी आपली ओळख आहे. कशी, ते विचारू नका. त्या हाताला, म्हणजे अल्गोरिदमला, चढ्या आवाजात बोललेलं खपत नाही."

लोकांनी खरोखरच आवाज खाली आणले.

गर्दीच्या कडेला किल्लीवाली वहिनी उभी होती. तिच्या दुकानाचं नाव मागच्याच आठवड्यात असं पहिलं आलं होतं, तिच्याही फोनवर, तिच्याही दुकानात. पण आज तिचं लक्ष यादीकडे नव्हतं, भिंतीवरच्या घड्याळाकडे होतं. अकरा वाजून वीस मिनिटांनी तिला आपल्या दुकानात असायला हवं होतं. त्या वेळी तिचा वारलेला नवरा फोन करायचा.

दुकान कसलं, दोन हात पसरले की दोन्ही भिंतींना लागतील एवढी खोली. आकड्यांवर न कापलेल्या किल्ल्यांचे झुबके, टेबलाला जखडलेली पकड, कानशी, आणि सगळीकडे पितळेचा बारीक सोनेरी कीस. नवऱ्यानंच तिला हे काम शिकवलं होतं. कानस कशी धरायची हे नंतर. आधी एक नियम. "कुलूप बसवलं, की सगळ्या किल्ल्या मालकाच्या हातात. एक जरी आपल्या खिशात राहिली, तर आपण चोर. चोरी फक्त व्हायची राहिली आहे, एवढंच."

दोन वर्षांपूर्वी एका सकाळी छातीत कळ आली आणि तो गेला. मागे राहिलं दुकान, आणि त्यानं स्वतः बसून लिहिलेलं वेबसाइटवरचं एक पान. 'दार अडकलं तर' हे त्या पानाचं नाव. सुरुवातच अशी: 'आधी घाबरू नका. खाली बसा. श्वास घ्या.' मग कुठली कडी कशी अडते, काय करून पाहायचं, सगळं बैजवार. आणि शेवटी: 'एवढ्यानं दार उघडलं तर मला फोन करू नका, तुमचे पैसे वाचले. नाही उघडलं, तर मी आहेच.' गंमत अशी, की पैसे वाचलेलेच लोक पुढे वर्षानुवर्षं कुलपं घ्यायला त्याच्याकडे यायचे.

अव्वलसाहेबांनी पहिल्या भेटीत ते पान पाहिलं आणि जीभ चुकचुकवली. "वहिनी, हा मेलेला मजकूर आहे. कोण वाचतं एवढं? गळ्यात धोंडा बांधावा तसा हा तुमचं नाव बुडवतोय."

'मेलेला' हा शब्द ऐकून वहिनीनं मान खाली घातली. वेबसाइटचे सगळे पासवर्ड तिनं मुकाट्यानं लिहून दिले. संध्याकाळपर्यंत पान पुसलं गेलं. त्या जागी आलं ते असं: 'किल्ली, उत्तम किल्ली, स्वस्त किल्ली, किल्ली हवी तर किल्ली'. तापात बरळणाऱ्या माणसासारखं.

आणि नवव्या दिवशी, अकरा वीसला, दुकानातला फोन वाजला.

"हॅलो?"

पलीकडे कुणी बोललं नाही. एक हलकी फुंकर आली. फूऽऽ. मग दोनदा टिकटिक, आणि फोन बंद.

वहिनीच्या हातातली कानस खाली पडली. कारण ती फुंकर तिच्या ओळखीची होती. नवरा बाहेर कामाला गेला, की याच सुमाराला फोन करायचा. जेवायला येतो की नाही ते सांगायला. ओठांवर, बोटांवर पितळेचा कीस. बोलायच्या आधी फोनवर एक फुंकर मारायचा. बारा वर्षं तिनं ती ऐकली होती.

दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. "कोण?" तिनं विचारलं. तिसऱ्या दिवशी मात्र तिनं "कोण" म्हटलं नाही. दाराकडे पाठ केली, फोन दोन्ही हातांत धरला आणि हळूच विचारलं, "जेवलात?"

त्यानंतर तिचा दिवस अकरा वीसभोवती फिरू लागला. त्या वेळेला बाहेरचं काम आलं तर ती नाही म्हणायची. तशी कामंही कमीच येऊ लागली होती. पण ते तिच्या ध्यानात येईना. भरल्या दुकानात ती एकटी बसायची, किल्ल्या वाऱ्यानं हलल्या तरी दचकायची.

अव्वलसाहेब आधी म्हणाले होते, "लाजरी गिऱ्हाइकं आहेत वहिनी, चौकशीचे फोन आहेत." पण एकदा तिच्या डोळ्यांतलं पाणी त्यांना दिसलं, आणि माणसानं लगेच सूर बदलला. "मी काही बोलणार नाही. काही गोष्टी आपल्या समजुतीपलीकडच्या. एवढंच सांगतो, ज्यांनी माझी सेवा थांबवली, त्यांचे फोनही थांबले. शुक्रवारी कागद आणतो. दुकानाच्या वेबसाइटचं नाव आमच्या कंपनीकडे वर्ग करा, म्हणजे हे सगळं कायमचं राहील."

कायमचं! त्या एका शब्दासाठी वहिनी नवऱ्यानं ठेवलेलं नावही लिहून द्यायला निघाली होती.

त्या दिवशी ती शिंप्याकडून परतली, तर दुकानाच्या पायरीवर विज्ञानाच्या बाई बसलेल्या. निवृत्त होऊन दहा वर्षं झाली, तरी अर्धी गल्ली त्यांना पाहून हातातलं खाणं लपवायची. वहिनीचा नवरा त्यांचाच विद्यार्थी. "भूमितीत नापास," बाई सांगायच्या, "पण माझ्या कपाटाचं कुलूप टाचणीनं उघडायचा." आज त्यांच्या मनगटाला पट्टी होती आणि चेहरा चिडलेला.

"काय गं, दुकान बंद केलंस की काय?"

"बंद? बाई, मी पहिल्या नंबरावर आहे!"

"कुठल्या जगात? काल चार तास न्हाणीघरात अडकले होते. कडी सरकेना. घरात दुसरं कुणी नाही, शेजारी गावाला. नशीब, फोन हातात होता. तुझा नंबर काही पाठ नाही मला. शोधलं, 'अडकलेलं दार', 'जवळचा किल्लीवाला'. पहिलं पान पाहिलं, दुसरं, तिसरं, चौथं. शहराच्या त्या टोकाचे लोक आले यादीत, त्यांतल्या एकालाही यायला सवड नाही, आणि दोन गल्ल्यांवरची तू यादीतच नाहीस! वाटलं, दुकान विकून गेली पोर."

वहिनीनं आपला फोन काढला, चार शब्द लिहिले आणि पडदा बाईंसमोर धरला. पहिलं नाव तिचं. बाईंनी आपल्या फोनवर तेच चार शब्द लिहिले. नाव नाही. दोन फोन शेजारी शेजारी, प्रश्न एकच, उत्तरं दोन. वहिनीच्या अंगावर काटा आला.

"नजर लागली," ती पुटपुटली. "परक्या फोनवर पाहायचं नसतं."

"असं कोण म्हणालं?"

"अव्वलसाहेब."

"हं." बाईंची भुवई वर गेली. वर्गात ही भुवई वर गेली, की कॉपी करणारा आपणहून उभा राहायचा. "आणि अजून काय काय करायचं असतं?"

वहिनीनं नेम सांगितला: रोज सकाळी तेच शब्द, त्याच नावावर बोट, पाच मिनिटं थांबणं. ऐकता ऐकता बाई हसू लागल्या, पण ते हसू गोड नव्हतं.

"अगं, चहावाल्याकडे एकवीस दिवस रोज जाऊन 'बिनसाखरेचा' म्हणालीस, तर बाविसाव्या दिवशी तो न विचारता काय देईल? बिनसाखरेचा. मग काय साऱ्या गावानं साखर सोडली? तुझा फोन तो चहावाला आहे. तू रोज कुणावर बोट ठेवतेस हे त्याला कळतं, तू कुठे बसली आहेस हेही कळतं, म्हणून तो तुला तुझंच नाव वर काढून देतो. नेमामुळे नाव चढलं नाही; तू स्वतःच्याच फोनला शिकवलंस. आण इकडे. याच्यात एक खासगी खिडकी असते. तिच्यात शोधलं, की फोन तुझ्या जुन्या सवयी बाजूला ठेवतो."

खासगी खिडकी उघडली. तेच शब्द. वहिनीनं बोटानं यादी खाली खाली सरकवली. स्वतःला शोधत ती किती तरी पानं खाली उतरली, आणि कुठेच सापडली नाही. आपण जिवंत आहोत की नाही, असं तिला क्षणभर वाटलं.

तेवढ्यात दुकानातला फोन वाजला. अकरा वीस.

बाईंनी हात पुढे केला, तशी वहिनी फोनवर जवळजवळ झेपावली. "नको, बाई! हा ह्यांचा आहे."

बाईंनी हात मागे घेतला. वहिनीनं फोन कानाला लावला. फूऽऽ. तिचे डोळे मिटले. टिकटिक. बंद.

"कुणाचा म्हणालीस?"

वहिनीनं सगळं सांगितलं. आतापर्यंत कुणालाच सांगितलं नव्हतं. बाईंनी पट्टी बांधलेला हात तिच्या पाठीवर ठेवला, आणि त्याच वेळी समोर शिंप्याच्या दुकानातला फोन वाजू लागला. अकरा बावीस. बाईंची भुवई पुन्हा वर गेली.

"चल."

"कुठे?"

"रस्ता ओलांडू. मनगट दुखतंय माझं, धर मला."

शिंपी फोन उचलणारच होता. "हा रोजचाच, बाई. कुणी बोलत नाही. आई म्हणते, माझा थोरला काका आहे, गेला तेव्हा काही सांगायचं राहिलं होतं त्याला."

"मला द्या," वहिनी म्हणाली. आवाज तिचा तिलाच ओळखू आला नाही.

फूऽऽ.

तीच. लांबी तीच, शेवटची किंचित घरघर तीच. टिकटिक. बंद. आणि लगेच पलीकडून चष्मेवाल्याच्या दुकानातून घंटी ऐकू आली. अकरा चोवीस. एकाच गल्लीत एकच मेलेला माणूस दारोदार फिरत होता.

वहिनी शिंप्याच्या स्टुलावर बसली. तिच्या मांडीवर कुणाचं तरी अर्धं शिवलेलं सदऱ्याचं कापड होतं. ते तिनं मुठीत चुरगाळलं. नवरा दोन वर्षांपूर्वी गेला तेव्हा ती रडली होती. आज तो पुन्हा गेला, आणि रडायलाही येईना.

"यंत्र आहे गं," बाई हळू म्हणाल्या. "ठरल्या वेळी एकामागून एक नंबर फिरवतं. तुला ऐकू येते ती लाइन उघडल्याची खरखर. महिन्याच्या अहवालात तुझा अव्वलसाहेब ते फोन 'इतकी गिऱ्हाइकं आली' म्हणून दाखवत असणार."

"मी त्या यंत्राला विचारायची, जेवलात का म्हणून," वहिनी म्हणाली.

शिंप्यानं तोंड फिरवलं. बाई तिच्यासमोर खाली बसल्या, दुखऱ्या मनगटासकट.

"ऐक. फुंकर यंत्राची होती. पण काल मला त्या न्हाणीघरातून कुणी बाहेर काढलं, माहीत आहे? तीन तास मी दार ढकलत होते. मग एक ओळ आठवली. 'दार बिजागरीवर लोंबतं, म्हणून कडीच्या अंगाला खाली बसतं. ढकलू नका. मूठ धरून वर उचला, आणि मग कडी ओढा.' उचललं. ओढलं. सुटले. तुझ्या नवऱ्याच्या पानावरची ओळ ती. पुन्हा वाचावं म्हणून शोधलं होतं, तर पान गायब. माणूस गेल्यावर आपल्याशी कसा बोलतो, ते तुला पाहायचं होतं ना? तो त्या पानावरून बोलत होता. आणि तेच तू पुसायला दिलंस."

तेव्हा मात्र वहिनी रडली.

शुक्रवारी अव्वलसाहेब कागद घेऊन आले, तर किल्लीच्या दुकानापुढे सगळी गल्ली जमलेली. गर्दी पाहून ते खुलले. बाईंनी आपला फोन पुढे केला. "यावर दाखवा."

"बाई, आपल्या फोनची ऊर्जा जरा..."

"चार्ज पूर्ण आहे. दाखवा."

"हे सगळ्यांना नाही हो समजायचं. फार खोल विषय आहे."

"मी पस्तीस वर्षं सातवी 'क'ला गुरुत्वाकर्षण शिकवलंय. तुम्ही बोला."

गर्दी हसली. हसणाऱ्या गर्दीपुढे चमत्कार टिकत नाही. त्याला दबलेला श्वास लागतो. मग वहिनी पुढे आली. हातात एक नवं कुलूप होतं.

"साहेब, मी तुमच्या घराला हे बसवलं आणि सगळ्या किल्ल्या माझ्याच खिशात ठेवल्या, तर मला काय म्हणाल?"

अव्वलसाहेबांनी हातातले कागद कोटाच्या खिशात सरकवले.

"कुलूप कसं बसवलं ते विचारू नका म्हणाले, दुसऱ्या कुणाला दाखवू नका म्हणाले, तर? माझ्या किल्ल्या द्या. पासवर्ड. आत्ता."

"मी थांबवलं, तर ते अकरा वीसचे फोन..."

"थांबवा," वहिनी म्हणाली. "माझा नवरा फोन करून गप्प बसणारा नव्हता. फार बडबड्या होता हो."

साहेब त्या दिवशी गेले ते गेले. पासवर्ड त्यांनी दिले नाहीत. पण वेबसाइटचं नाव अजून वहिनीच्याच नावावर होतं, म्हणून जिथे ते नोंदवलं होतं त्या कंपनीला लिहून, ओळख पटवून, तिनं सगळं परत मिळवलं. शिंप्याचं तसं झालं नाही. त्यानं कागदावर आधीच सही केली होती. त्याच्या वडिलांपासून चालत आलेलं दुकानाचं नाव आज वेबवर दुसऱ्याच्या मालकीचं आहे, आणि तो नव्या नावानं पहिल्यापासून सुरुवात करतो आहे. त्याची आई अजून म्हणते, काका रागावला.

पुसलेलं पान मात्र परत मिळालं नाही. मग वहिनीनं दुकानात एक जुनं दार उभं केलं, त्याला एकेक कडी लावली, अडकवली, सोडवली, आणि स्वतःच्या हातानं पान पुन्हा लिहिलं. सुरुवात तीच: आधी घाबरू नका. दार उचलायची ओळ बाईंनी सांगितली. बाकीचं तिच्या बोटांना येतच होतं.

पुढे तिनं वेबसाइटच्या कामासाठी एक मुलगी नेमली. पण आधी कुलपाइतकीच पारखून घेतली. "पहिला नंबर देशील?" असं विचारल्यावर ती म्हणाली, "वचन नाही देणार, काकू. तो माझ्या हातात नाही, कुणाच्याच नाही. काही महिने लागतील. काय बदललं ते दर वेळी तुमच्यासमोर बसून दाखवीन. सगळं तुमच्या नावावर राहील. मला काढून टाकलंत तरी तुमच्याकडेच राहील." आणि उलट तिनंच विचारलं, "लोक फोनवर तुम्हाला नेमकं काय विचारतात?" वहिनीनं तिच्या आधीच्या दोन दुकानदारांना फोन लावून खात्री केली, आणि मगच हो म्हटलं. आज बाईंच्या फोनवर ते दुकान चौथं दिसतं, कधी सहावं. पण दिसतं.

ते फोन थांबल्यावर पहिल्या आठवड्यात, अकरा वीस झाले की वहिनी फोनकडे पाहत बसायची. तो वाजायचा नाही. किल्ल्यांचे झुबके निमूट लोंबत राहायचे. ती शांतता तिला खायला उठायची. खोटं का होईना, आधी कुणीतरी होतं. मग एके दिवशी, अकरालाच, फोन वाजला. तिनं उचलला. पलीकडे फुंकर नव्हती, हुंदका होता. "मी आत अडकलेय... दार उघडत नाहीये... बाळ बाहेर रडतंय..."

वहिनीनं ओठांवरचा पितळेचा कीस फुंकून उडवला आणि म्हणाली, "आधी घाबरू नका. खाली बसा. श्वास घ्या."

तर मंडळी, देवावर श्रद्धा आहे म्हणूनच हे सांगणं. देव लपवून ठेवत नाही. सूर्य सगळ्यांना एकाच बाजूला उगवलेला दिसतो. जो चमत्कार फक्त तुमच्याच फोनवर दिसतो, तो चमत्कार नव्हे, आरसा आहे. कुणी खात्रीनं पहिल्या नंबराची हमी दिली, कसं ते सांगायला नकार दिला, दुसऱ्याला दाखवू नका म्हणाला, किल्ल्या स्वतःच्या खिशात ठेवल्या, की उठा आणि शेजाऱ्याच्या फोनवर पाहा. एवढं पुरे आहे. आणि दुखावलेल्या मनाला कुणी गेलेल्या माणसाचं आमिष दाखवलं, तर दुप्पट सावध व्हा, कारण तिथे डोळे आपणच मिटून घेतो.

आता उठताना एकच मागणं. आपण कुणी त्या किल्लीवाल्याला पाहिलेलं नाही. तरी कधी एखादं दार अडलं, तर ते ढकलण्याआधी क्षणभर त्याची आठवण ठेवा. मूठ धरा, दार वर उचला, मग कडी ओढा.